चिरगावच्या रस्त्यावर वितळलेला पिस्टन

मी एक जुना पिस्टन आहे. माझ्या माथ्याला बोट आत जाईल एवढं भोक आहे आणि त्याच्या कडा मेणबत्तीसारख्या ओघळल्या आहेत. मुलं मला हातात घेतात आणि आधी त्यात बोट घालतात. घाला, मित्रांनो. आता मला दुखत नाही.

कारखान्यात तापलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं आणि तीन भावांसोबत एका डिझेल मोटारीच्या इंजिनात बसवलं. आमच्या डोक्यावर हवा दाबली जायची, डिझेलचा फवारा यायचा, भडका उडायचा आणि मी धाडकन खाली जायचो. गाडी चालायची ती त्यावर. इंजिनाला टर्बो होता. म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जादा हवा आत कोंबतो, म्हणून ताकद वाढते. कष्ट आमचे आणि कौतुक मात्र त्याच्या शिट्टीचं, हे मला कधीच आवडलं नाही.

गाडी झाशीच्या मधुसूदनरावांची. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी बकुळ ट्यूनिंग शिकत होती. लॅपटॉप जोडून इंजिनाला मिळणारं डिझेल आणि हवा वाढवायची, हे ते काम. शिकायला घरचीच गाडी होती. जानेवारीच्या गार सकाळी ती आम्हाला कानपूरच्या रस्त्यावर न्यायची आणि बाबा हौसेने शेजारी बसायचे.

"बेटा, अजून थोडं दे ना!"

"बस हो बाबा. काळा धूर यायला लागलाय."

"अरे, इतना तो चलता है. दे."

तिने दिलं. गाडी सुसाट निघाली. बाबांनी बडा बाजारात दुकानोदुकानी मुलीचं कौतुक सांगितलं. थंडीत मलाही काही जाणवलं नाही, कारण गार हवा दाट असते आणि डिझेल बऱ्यापैकी जळून जातं. काम झालं असं बकुळने गृहीत धरलं. उन्हाळ्यात तपासायचं राहून गेलं.

मे महिन्यात त्याच रस्त्यावरच्या चिरगावला लग्न होतं. जेवता जेवता बाबांच्या छातीत कळ आली. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावू लागलं, पण बकुळ म्हणाली, "नको, झाशीच्या दवाखान्यात आपली गाडी आधी पोहोचेल." तिचा आमच्यावर तेवढा विश्वास होता.

भर दुपार, लू म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा सुटलेला. तिने पाय दाबला तो काढलाच नाही. तापलेली हवा विरळ होती आणि डिझेल मात्र जानेवारीच्या मापाने येत होतं. जादा डिझेल माझ्या डोक्यावरच जळत राहिलं आणि माथा वितळू लागला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मागे काळ्या धुराचा लोट उठला. तो तिने आरशात पाहिला, पण शेजारी बाबा कण्हत होते. पुढच्याच चढावर माझा माथा फुटला आणि गाडी खडखडत थांबली.

"तुझं काही नाही चुकलं, बेटा," बाबा हळूच म्हणाले. "मीच मागत होतो, अजून दे म्हणून."

"बोलू नका ना, बाबा!"

ती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. बऱ्याच गाड्या वळसा घालून गेल्या. शेवटी एक बस थांबली. झाशी येण्याआधीच बाबा गेले.

इंजिन बकुळनेच उघडलं. मला ओंजळीत धरून ती खूप रडली. भाऊ भंगारात गेले आणि मी तिच्या वर्कशॉपच्या टेबलावर आलो.

आता थंडीत कुणी आलं, "दीदी, थोड़ी ताकत बढ़ा दो," म्हणालं, की ती सांगते, "मई में आइए, भैया. लू में चलाकर देखेंगे." काही जण हसतात. मग ती मला त्यांच्या हातात देते. "बाबा की गाड़ी का है," एवढंच म्हणते.

मित्रांनो, यंत्र बोलत नाही. काळा धूर हीच आमची हाक असते. ती ऐकू आली तर थांबा, कुणाच्या जिवावर बेतेपर्यंत वाट पाहू नका.

मे उजाडला की बकुळ एकेक गाडी घेऊन भर दुपारी चिरगावच्या रस्त्याला लागते. मालक हौसेने शेजारी बसायला येतो. ती त्याला मागच्या सीटवर बसवते.