पाटीवरचा अडलेला शब्द

धाकटा भाऊ शहरातल्या नोकरीतून सुट्टीवर आला आणि नव्या पाटीचं खूळ घेऊन बसला, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली. बाबा गेल्यापासून बेकरीची भट्टी तीच पेटवत होती. जुनी पाटी रंग उडालेली होती खरी, पण त्यामुळे कुणाचा पाव घ्यायचा राहिला नव्हता. मग यालाच कसली घाई झाली होती?

पेंटर शिडीवर ताटकळत उभा होता. 'वडिलांनी काढली, लेकीने' एवढं रंगवून झालं होतं आणि पुढच्या एका शब्दावर गाडं अडलं होतं. भावाने आधी 'सांभाळली' सुचवलं. म्हणजे दुसऱ्याची वस्तू, ताई मनात म्हणाली, मालक आला की मुकाट्याने परत करायची. मग तो 'चालवली'वर आला. तेवढं तर पगारी माणूसही करतो. 'टिकवली' म्हटल्यावर तिला वाटलं, आता हा मागे 'कशीबशी'ही जोडणार. गोड बोलून गळा कापणारे तिने बरेच पाहिले होते, पण सख्खा भाऊ त्यांतला निघावा याचं तिला फार वाईट वाटत होतं.

ती तणतणत आत गेली. कोपऱ्यात भावाची बॅग अर्धवट उघडी होती आणि टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी तिच्यातून डोकावत होती. बरणीत पाव फुगवणारं बेकरीचं खमीर होतं. बाबांनी लावलेलं आणि तिने रोज पीठ-पाणी घालून वाढवलेलं. इथल्या पावाची सगळी चव त्यातच होती. पाटी हे नुसतं निमित्त. हा तिकडे स्वतःची बेकरी थाटणार.

ती बरणी घेऊनच बाहेर आली.

"हे काय आहे?"

भाऊ खाली बघू लागला. दर सुट्टीत थोडं नेतो, म्हणाला, बाबांची आठवण म्हणून. सुरुवातीला नेमाने पीठ घालतो, मग कामाच्या गडबडीत राहून जातं आणि ते मरतं. म्हणून मागायची लाज वाटते.

"सांभाळायला मीही नेलंच होतं, ताई. जगवलंस तू."

पेंटरने ब्रश रंगात बुडवला. 'जगवली' लिहू का, असं त्याने विचारलं. ताईने नुसती होकारार्थी मान हलवली. भावावर घेतलेल्या संशयाची तिला लाज वाटत होती. तरी तिने झाकण काढून वास घेतलाच.

"आज याला काही घातलं नाहीस ना?"

बरणी काखोटीला मारून ती पिठाच्या पोत्याकडे वळली.

"जाताना घेऊन जा," ती आतून म्हणाली. "रोज सकाळी फोन करून विचारणार आहे."