वानराचं सुतक

कौतिक नानांना नवा चष्मा मिळाला आणि पितांबरला साडेसाती लागली. मोतीबिंदू काढून दीड महिना झाला होता. त्या दिवशी सकाळी जळगावच्या डॉक्टरांनी बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा म्हाताऱ्याच्या नाकावर चढवल्या, आणि तेव्हापासून जे दिसेल ते बोलून दाखवायचा नानांना नाद लागला. मैलाचा दगड आला की आकडा वाचायचा. भिंतीवर खताची जाहिरात दिसली की तीही वाचायची, आणि शिक्षण दुसरीपर्यंतच झालेलं असल्यामुळे एकेक अक्षर सुटं करून वाचायची. पितांबर मेटॅडोर चालवत होता, मागे सरकीच्या ढेपेची पोती होती, बाहेर वैशाखाचं ऊन होतं आणि शेजारी नाना होते. यांत सगळ्यात जास्त तापलेलं काय होतं ते सांगणं कठीण आहे.

"मांगे यष्टी शे. जाऊ दे तिले पुढे."

"देखी मी, नाना."

"इतला जोरमा कसाले चालाडस?"

"वीस वरीस व्हयनात चालाडता."

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. पितांबरला एरंडोलच्या अलीकडे एका गावात ढेप उतरवायची होती, म्हणून त्यानं पद्मालयाच्या जंगलातला आतला रस्ता धरला. सावली आली, जरा गार वाटलं. आता म्हातारा झोपेल अशी पितांबरला आशा होती. पण जित्याची खोड अशी डुलकीनं जात नाही. नानांनी वेगळाच विषय काढला.

"परवा कोठे जाशी?"

"नवापूर. तठून सुरत."

"कधळ येशी?"

"आठ दिस लागतीन."

"बरं," नाना म्हणाले. "मंग आठ दिस मी मरत नही."

हे नवं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नानांची बायको, पितांबरची आई झुंबरबाई गेली, तेव्हा पितांबर मिरच्यांचा माल घेऊन सुरतेला होता. घरून तार गेली, ती ट्रान्सपोर्टच्या टेबलावर पडून राहिली, आणि पितांबर घरी पोहोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर. मडकं धरलं ते नानांच्या पुतण्यानं, पुनानं. पुना भला माणूस, त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलणार नाही, पण पुतण्या तो पुतण्या. दहाव्याला पितांबरनं डोकं केलं, पंगतीला वाढलं, सगळं रीतसर केलं. रडला मात्र नाही. तीन दिवस उशिरा आलेल्या माणसानं कुणाच्या तोंडाकडे बघून रडायचं? तेव्हापासून नानांनी धसका घेतला होता, की आपण जाऊ तेव्हाही हा असाच कुठल्यातरी नाक्यावर असणार. हा धसका ते जेवताना, भांडताना, चहा पिताना, कधीही बाहेर काढत. पितांबर खाली मान घालून ऐकून घेई. सहा वर्षं त्यानं ऐकून घेतलं होतं.

त्या दिवशी त्याच्या तोंडून गेलं.

"मराना आठ दिस पहिले तुम्हीच तार करी द्या," तो म्हणाला. "म्हंजे मी हाजर ऱ्हासू!"

आणि हे म्हणताना त्यानं मान वळवून बापाकडे पाहिलं. तेवढाच वेळ. समोर पाहिलं तर रस्त्याच्या मधोमध वानर उभा होता.

टोळी रस्ता ओलांडत होती. माद्या, पिल्लं पलीकडच्या कडुलिंबावर चढली होती आणि टोळीचा म्हातारा नर शेवटचं पिल्लू पार होईपर्यंत रस्त्यात थांबला होता. पितांबरनं ब्रेकवर उभं राहून ब्रेक दाबला, पण मागच्या ढेपेनं गाडीला पुढे ढकललं. बैलगाडीवरून कापसाचं ओझं पडावं तसा आवाज झाला. तेवढाच.

वानर कडेला जाऊन पडला. काळा पंजा वर उघडा पडलेला, माणसासारखी नखं असलेला. अजून श्वास चालू होता. लिंबावरची टोळी आधी एकदम ओरडली आणि मग एकदम गप्प झाली.

अपघात झाला की ड्रायव्हरनं आधी गाडी काढायची आणि मग विचार करायचा, हे पितांबर वीस वर्षांत शिकला होता. थांबलेल्या ड्रायव्हरची हाडं मोडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. इंजिन चालू होतं, हात गिअरवर गेला होता. तेवढ्यात डावीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. नाना खाली उतरत होते. गाडीच्या कडेला पाण्याची छागळ टांगलेली होती, ती त्यांनी सोडली.

"नाना, बसा लवकर! लोके येतीन!"

नानांनी मागे पाहिलंसुद्धा नाही. "तुले जावानं व्हई ते जाय. मी आठेच बसस."

पितांबरनं गाडी बंद केली. ते वाक्य त्याला कुठे लागलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. खाली उतरून तो बापाच्या शेजारी फुफाट्यात बसला. नाना छागळीचं तोंड वानराच्या ओठांशी धरून थेंब थेंब पाणी सोडत होते आणि "पी भाऊ, पी," म्हणत होते. दोन घोट गेले. तिसरा बाहेर आला.

तोवर शेतांतून माणसं धावत आली. पितांबरनं मार खायची तयारी केली. पण कुणी हात उगारला नाही. सगळ्यांच्या पुढे डोक्याला उपरणं गुंडाळलेले एक सत्तरीचे गृहस्थ होते, गावचे भजनीबुवा शालिग्राम आप्पा. त्यांनी आधी वानरापुढे हात जोडले, मग विचारलं, "गाडी कोन चालाडी ऱ्हायंता?"

"मी," पितांबर म्हणाला.

"गाडी हाऊ चालाडी ऱ्हायंता," नाना मध्येच म्हणाले, "पन तोंड मी चालाडी ऱ्हायंतू. त्यान्हा एकलानी चूक नही."

आप्पांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाप-लेक आहेत हे तिथं कुणी बोललं नाही, म्हणून पुढचा घोळ झाला. आप्पा म्हणाले, "आम्हना गावमा वांदर मरनं म्हंजे घरनं मानूस मरनं. माती व्हये तवलोंग चूल पेटत नही. आनि ज्याना हातथीन गयं, तोच त्याना पोऱ्या. पळी गयात त्यास्नं सोडा. तू थांबना शे, तुले कराले जोयजे."

गावाचं नाव मी सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. पण रीत खरी होती आणि ती करताना कुणी हसत नव्हतं. बांबूची तिरडी बांधली गेली, गुलाल आला, टाळ आले. मारुतीच्या देवळासमोर वानराला बसता ठेवून अंघोळ घातली. पितांबरला ओट्याच्या कडेला बसवलं आणि तोताराम न्हावी धोपटी घेऊन आला. केस बघता बघता उतरले. मग त्यानं मिशीला पाणी लावलं, वस्तरा उचलला आणि सवयीनं विचारलं, "बापले कितला वरीस व्हयनात?"

"काय कितला?"

"जाईसन."

पितांबरनं बोट दाखवलं. "तो काय, तठे बठेल शे."

तोतारामनं वस्तरा मिटला. देवळासमोर कुजबुज सुरू झाली. बाप बसलेला असताना मुलाची मिशी काढायची म्हणजे त्याला जिवंतपणी तिरडीवर घालायचं. आप्पासुद्धा गांगरले. डोकं केलं तेवढं पुरे, कुणी म्हणालं. दुसरा कुणी बघा, बाप नसलेला, आणखी कुणी म्हणालं.  दोन तासांपूर्वी आपण काय बोललो हे पितांबरला आठवत होतं. मरायच्या आठ दिवस आधी तार करा. बोलाफुलाला गाठ पडायची असेल तर अशीच पडते, आणि आता वर मिशी काढली तर उरलंसुरलंही आपणच पुरं करू, असं त्याला वाटलं. पहिल्यांदाच मनापासून भीती वाटली त्याला, की हा म्हातारा मरेल.

"आप्पा, मडकं धरस, खांदा देस," तो हात जोडून म्हणाला. "मिशी नका काढा. मना बाप शे."

नाना काठी टेकत उठले. गर्दीनं वाट दिली. ते येऊन तोतारामसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काढ."

"नाना!"

"तू चूप बस." मग न्हाव्याला, "काढ भाऊ. मी मरसू तवय माले काय दिसनार शे? आज दिसस. आज देखू दे."

तोतारामनं आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी मारुतीकडे. मग वस्तरा उघडला गेला. नाना मुलापुढे मांडी घालून बसले. दोन हातांचंही अंतर नव्हतं. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे दिसत होते आणि ते मिशीचा एकेक केस पडताना पाहत होते. पितांबरला मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यालाही बापाकडेच बघावं लागलं. कुठल्याच बापाला हे बघायला मिळत नाही आणि कुठल्याच लेकाला दाखवता येत नाही. सोपं नव्हतं ते.

वस्तरा थांबला. नानांनी हात पुढे करून मुलाच्या उघड्या ओठावरून अंगठा फिरवला. "लहानपने असाच दिसे," ते म्हणाले, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मग माती झाली. पितांबर पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन अनवाणी पुढे चालला. देवळामागे खड्डा खणला होता. सगळं गाव होतं, आणि कुंपणाच्या झाडांवर टोळीही येऊन बसली होती. तिच्याकडे बघायची कुणाला हिंमत झाली नाही. मडक्याला भोकं पाडत तीन फेरे झाले. शेवटी पाठीमागे मडकं टाकायचं आणि तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. पितांबरला वाटलं होतं, वानरासाठी आपल्याला रडू कसं येणार, उगाच आवाज काढावा लागेल. मडकं फुटलं. त्यानं हात तोंडाशी नेला आणि आतून जे आलं ते त्याचं त्यालाच अनोळखी होतं.

"माय व! माय!"

सहा वर्षं उशिरा आलेलं ते रडणं थांबता थांबेना. शालिग्राम आप्पांनी धरलं, दोघातिघांनी धरलं. गावकऱ्यांना वाटलं, काय मायाळू माणूस आहे, वानरासाठी एवढा रडतोय! शेवंताबाई नावाची एक म्हातारी तर त्याच्याबरोबर रडायला बसली. नाना मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांना कळलं होतं. ते पुढे आले नाहीत, त्यांनी गप्प केलं नाही. उभं राहून पाहिलं.

विहिरीवर अंघोळी झाल्या, हातावर लिंबाची पानं पडली, ती सगळ्यांनी चावून थुंकली. गावात चुली पेटल्या. गंधमुक्तीला तेराव्या दिवशी दोघांनीही यायचं, असं आप्पांनी वदवून घेतलं, आणि मग गाडी निघाली.

उन्हं उतरली होती. पितांबर इतकी हळू गाडी चालवत होता की एक सायकलवाला पुढे गेला. नाना काहीच वाचत नव्हते. चांगले दोन मैल गेले तरी ते गप्पच होते, आणि पितांबरला त्या गप्प बसण्याची धास्ती वाटायला लागली.

"नाना, तब्बेत बरी शे ना?"

"शे."

"मी परवा सुरत जात नही. दुसरा डायव्हर देखस."

"कसाले?"

"जात नही म्हंजे नही. तुम्ही शेतस तवलोंग लांबनी गाडी नही."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा पुसल्या आणि परत चढवला. "जाय," ते म्हणाले. "सुरत जाय, नही ते कोठेबी जाय. आते माले भेव नही. मी गयू आनि तू नही उना, ते पुना धरी मडकं, धरू दे. मना पोऱ्या मनासाठे कसा रडी, ते मी देखी लिधं."

 समोरचा रस्ता पितांबरला पाण्याखाली गेल्यासारखा दिसायला लागला. बोडक्या डोक्यानं, सुन्या ओठानं तो तसाच स्टिअरिंग धरून बसला होता.

"गाडी बाजूले ले," नाना म्हणाले. "रडता रडता चालाडू नको. आखो कोनी मरी."

पितांबरनं गाडी बाजूला घेतली.