बाबांसाठी न मिटणारा चाकू

बाबांनी दाताने चाकू उघडला आणि समोरच्या दाताचा टवका उडाला, तेव्हा आईने दाताबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने फक्त कारखान्याची किल्ली खुंटीवरून काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

"आता बास," ती म्हणाली. "तोंडात काही घालायचंच असेल तर घरी बसून जेवा."

बाबा सोफ्याचे कारागीर. जुनी खुर्ची सोलायची, आतले पट्टे, काथ्या, फोम बदलायचा, वर नवं कापड ठोकायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. या धंद्यात दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. चिमूटभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि चुंबकाच्या हातोडीने ओठावरून उचलून थेट लाकडात ठोकायचा. लहानपणी आम्हाला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे गप्प असतात.

मग बाबांना झटका आला. डावा हात नुसता अंगाला लटकून राहिला आणि डावा ओठ बधीर झाला. डॉक्टर म्हणाले, खिळा गिळाल तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. बाबांनी चार शिव्या घातल्या, पण ऐकलं. खिळे सोडले आणि हवेवर चालणारं स्टेपलचं पिस्तूल घेतलं, जे एका हाताने चालतं. चाकूचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात, आणि एक हात कमी पडला की बाबांचं तोंड आपोआप पुढे येतं.

आईने अट घातली. रविवारी तिच्यासमोर एक खुर्ची एकट्याने सोलून दाखवायची, तोंड न लावता. जमलं तर किल्ली परत, नाहीतर कारखाना बंद.

पहिल्या दिवशी बाबांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या करून त्यांच्या पोटातली घाण आम्हाला दाखवली. दुसऱ्या दिवशी आमच्या सोफ्याच्या कारागिराचा उद्धार केला. हा सोफा त्यांनी स्वतःच केला होता, हे आईने सांगितल्यावर म्हणाले, "तेव्हा तुझं लक्ष नव्हतं माझ्याकडे." तिसऱ्या दिवशी ते खिडकीशी बसले ते बसलेच. चहासुद्धा मागितला नाही. मला ते बघवेना. वेडावाकडा, तोंडाळ म्हातारा चालेल, पण हा असा शहाणा बाप आम्हाला नको होता.

म्हणजे चाकू हवा होता तो न मिटणारा. लहानसा, कमरेला अडकवता येईल असा, आणि खिशाला परवडणारा.

माझा दादा कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेल्या वेळात चाकूंचे व्हिडिओ बघतो. त्याच्याकडे तीन महागडे चाकू आहेत. पहिल्याने त्याने दुसऱ्याचं पार्सल उघडलं आणि दुसऱ्याने तिसऱ्याचं. त्यापलीकडे त्या तिघांनी आयुष्यात काही केलेलं नाही.

"स्टील कुठलं घेणारेस?" त्याने विचारलं.

"कापणारं."

"तसं नसतं गं. कडक स्टील धार धरतं, पण तुटतं. मऊ स्टील तुटत नाही, पण सारखी धार लावावी लागते. गंजाचं वेगळंच गणित."

"बाबांकडे धार लावायचा दगड आहे आणि भरपूर वेळ आहे. मऊ घेते."

त्याने कपाळाला हात लावला. मग फोनवर एक चाकू दाखवला. त्याच्या किमतीत बाबांनी अख्खा सोफा करून दिला असता, वर दोन उशा फुकट.

मी सलूनमध्ये केस कापते. आमच्यात कात्री चालवून बघितल्याशिवाय कुणी विकत घेत नाही, मग विकणारा कितीही गोड बोलो. म्हणून मी पर्समध्ये सोफ्याच्या पट्ट्याचे तुकडे आणि गोणपाट कोंबलं आणि तंबू, गळ, दोरखंड विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी वितीएवढ्या पात्याचा, पाठीला करवतीसारखे दाते असलेला चाकू काढला.

"याने हाडसुद्धा कापता येतं, ताई."

"कुणाचं?"

तो जरा मागे सरकला. मग लहान चाकू निघाले. मी डावा हात खिशात घातला, बाबांचा आहे तसाच निरुपयोगी केला, आणि एकट्या उजव्याने कामाला लागले. दुकानदार म्यानातून एकेक चाकू काढून माझ्या हातात देत होता आणि मी पट्टा कापून परत करत होते. एकाची मूठ इतकी बारीक की हातात गोल फिरली. एकाचं पातं इतकं जाड की कापायच्या ऐवजी पट्टा फाडत गेलं. एकाचं टोक सुईसारखं, म्हणजे जुनं कापड काढताना खालचं चांगलं कापडही गेलंच समजा. गोणपाटाच्या धाग्यांनी काउंटर भरला आणि दुकानदाराचा चेहरा पडला.

शेवटी एक सापडला. चार बोटं लांब, पातळ पातं, टोक जरासं बोथट, मूठ जाड आणि खरबरीत. रंग भडक नारिंगी. दिसायला खेळण्यातला, पण पट्ट्यातून लोण्यासारखा गेला. काथ्याच्या ढिगात पडला तरी लांबून दिसणार. किंमत इतकी कमी की दुकानदारानेच माफी मागितल्यासारखी सांगितली.

"म्यान चामड्याचं आहे, एकदम घट्ट," तो म्हणाला. "चाकू कधी पडायचा नाही."

मी खूश होऊन घरी आले. दादाने चाकू उलटसुलट करून बघितला. "याला काही नाव तरी आहे का?"

"आहे. चाकू."

बाबांनी मात्र तो हातात घेतला, अंगठ्याने धार चाचपली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रविवारी आम्ही चौघं कारखान्यात गेलो. आई परीक्षेला बसलेल्या मुलांवर पहारा करायला आल्यासारखी स्टुलावर बसली. मधे एका गिऱ्हाइकाची खुर्ची. शेजारी बाबांची हत्यारांची लाकडी पेटी, लोखंडी कोपऱ्यांची, धोंड्यासारखी जड. बाबा जिथे कामाला बसणार तिथे ती पेटी असणारच.

बाबांनी कमरेच्या म्यानातल्या चाकूची मूठ धरली आणि वर ओढली. चाकूबरोबर म्यान वर आलं. म्यानाबरोबर कमरेचा पट्टा आणि पट्ट्याबरोबर पँट. चाकू काही बाहेर आला नाही. दादाला खोकला आला. बाबांनी पुन्हा ओढलं, या वेळी झटक्याने. पँट आणखी वर गेली. म्यान दुसऱ्या हाताने खाली दाबून धरायला हवं होतं, आणि दुसरा हात मांडीवर नुसता पडून होता.

मग बाबा वाकले. त्यांची मान डाव्या बाजूला कलली आणि म्यान दाताने धरायला तोंड निघालं.

"बाबा!" मी किंचाळले.

ते तसेच थांबले, तोंड उघडं ठेवून. मग त्यांनी ते हळूच मिटलं.

मी मोठ्या शहाणपणाने डावा हात खिशात घालून पातं पारखलं होतं, मूठ पारखली होती. म्यानातून चाकू मात्र एकदाही स्वतः काढला नव्हता. तो प्रत्येक वेळी दुकानदाराने काढून दिला होता, दोन्ही हातांनी. भिंतीवर टांगलेली हातोडी घेऊन स्वतःच्याच डोक्यात घालावी असं मला वाटलं.

"एका बोटाने सुटणारं क्लिपचं म्यान मिळतं," दादा म्हणाला. "मी मागवतो."

"तू गप रे," आई म्हणाली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "ठरलं ते ठरलं. चला घरी." त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणावर ढकललं नाही.

आई उठली. "पट्टा सोडा."

"म्हटलं ना, चला घरी."

"सोडा म्हणते ना."

तिने म्यान काढून घेतलं आणि पेटीच्या बाजूला टेकवून बघितलं, मूठ वर, जरा उजवीकडे कलती. स्टेपलच्या पिस्तुलाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. फळीवरचा डबा उघडला, चिमूटभर खिळे घेतले आणि सरळ तोंडात टाकले. मी हात पुढे केला तेवढ्यात तिने भिंतीवरची चुंबकाची हातोडी उचलली होती. ओठावरून खिळा उचलला, एका घावात बसवला. दुसरा. तिसरा. एकदाही तिने खाली बोटांकडे बघितलं नाही.

दादाने आ वासला होता. बाबा पेटीवर ओणवे झाले होते.

"वरचा तिरका बसतोय," ते म्हणाले.

आईने पुढचा घाव जरा जास्तच जोरात घातला.

मग ती बाजूला झाली. बाबांनी मूठ धरून ओढली. पेटी तसूभर हलली नाही आणि चाकू अलगद बाहेर आला. त्यांनी तो परत आत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. मग खुर्चीला भिडले. टाके उसवले, कापड सोललं, पट्टे सटासट कापले, आणि खुर्चीचा सांगाडा उघडा पडेपर्यंत त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीबद्दल न छापण्यासारखं बरंच काही बोलले.

आईने उरलेले खिळे तळहातावर काढले.

"तू हे कधी शिकलीस?" मी विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं, मान वर न करता. "दादा व्हायच्या आधी दोघं मिळून ठोकायचो. हिचा हात माझ्यापेक्षा भराभर चालायचा."

"मग सोडलंस का, आई?"

"तुम्ही झालात," आई म्हणाली. "मग तुम्ही मोठे झालात. मग मला कुणी विचारलंच नाही."

बाबांचा हात थांबला. मग पट्ट्याचं नवं भेंडोळं त्यांनी पायाने आईकडे सरकवलं.

"ताणून धरशील?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला वाटलं ते दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

आईने पदर खोचला, खुर्चीच्या पलीकडे बसकण मारली आणि पट्ट्याचं टोक हाताला गुंडाळलं. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही दोघं घरी जा आणि स्वयंपाकाला लागा. आम्हाला उशीर होईल."