कुणाचंच नसलेलं गाणं

वरण-भात-तुपावर पोसलेल्या नाशिकच्या माणसाला मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांशी काय देणंघेणं? हा प्रश्न मालविका आपल्या नवऱ्याला, म्हणजे श्यामला, लग्नापासून विचारत आली होती. "कंपनीची गाडी, कंपनीचा फ्लॅट, चोवीस तास एसी. आणि साहेब गातात काय, तर माझं घर पुरात वाहून गेलं! अरे, गोदावरीचं पाणी तुमच्या जिन्यापर्यंत तरी आलं होतं का कधी?" श्याम हसायचा आणि गिटारच्या तारांवर काचेची नळी सरकवत बसायचा.

पण वेड ते वेड. कॉलेजात कुणाच्या तरी घरी ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांची, एक घासलेली रेकॉर्ड ऐकली आणि गडी कामातून गेला. पुढे नोकरीसाठी कतारला, दोह्यात आला, गॅस प्लांटात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर झाला, तरी ते भूत काही उतरलं नाही. उलट इथे त्याला साथीदार मिळाले. बेसवर मिहीर, ड्रम्सवर कमाल आणि माउथ ऑर्गनवर वली. बँडचं नाव ठेवलं सब्खा. दोह्याबाहेर पडलं की जी खारट, पांढरी, काही न उगवणारी जमीन लागते ना, तिला इथे सब्खा म्हणतात.

आता खरं सांगायचं तर बँडमध्ये जीव होता तो वलीमुळे. वली रत्नागिरीकडचा, दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. त्याला इंग्रजी गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण श्यामनं एखादी रेकॉर्ड लावली की वली डोळे मिटून ऐकायचा आणि दुसऱ्या आठवड्यात ते सगळं त्याच्या बाजातून असं निघायचं की श्यामनं तोंडात बोटं घालावीत. दोघांची दोस्तीही तशीच. शुक्रवारचं, म्हणजे सुट्टीचं, जेवण ओल्ड एअरपोर्ट भागात वलीच्या घरी, हे ठरलेलं. वलीची बायको तय्यबा तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं सालन करायची, आणि वली ओरडायचा, "श्याम्या, लाजतोस काय नवरीसारखा? हाण की!"

दोन हजार तीन साली त्यांनी स्वतःची सीडी काढायचं ठरवलं. आगगाडीचं एक गाणं, तुरुंगाचं एक, चर्चमधल्या भजनाच्या चालीवरचं एक, डोंगराळ भागातली बँजोवरची एक धून. प्लांटातल्या एका अमेरिकन साहेबाला श्यामनं मोठ्या हौसेनं ऐकवलं. साहेब भला माणूस. म्हणाला, वाजवता छान, पण हे सगळं मी आधीच ऐकलंय. बस्स! श्यामच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! कुणीच न ऐकलेलं, जुनं, मातीतलं गाणं आपल्याला कधी सापडणार, या एकाच विचारानं त्याला पछाडलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला वलीनं त्याच्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला. डब्यात कॅसेटी होत्या.

वलीचे वडील, नसरुद्दीन, सत्तरच्या दशकात दोह्याच्या बंदरावर कामाला होते. वलीच्या अम्मीला, नफिसाचाचीला, लिहिता येत नव्हतं आणि गावात फोन नव्हता. मग ती टेपवर बोलायची. तेव्हा कोकणातल्या घराघरात हेच चालायचं. गावातला कुणी आखातात निघाला की त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी दहा बायकांच्या दहा कॅसेटी. त्यातही एक अलिखित कायदा होता. कॅसेट ज्याच्या बायकोची, त्यानंच ती ऐकायची. खोलीत दहा माणसं राहत असली तरी तो टेप घेऊन गच्चीवर जायचा, आणि बाकीचे नऊजण तिकडे फिरकायचे नाहीत.

नसरुद्दीनचाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाऱ्या हवेनं टेपांना बुरशी धरायला लागली, म्हणून चाचीनं डबा वलीकडे पाठवला होता.

"सीडीवर उतरवून दे रे बाबा," वली म्हणाला. "पण ऐकायचं नाही. अम्मीनं बजावलंय. मी पोटचा पोरगा, मीसुद्धा ऐकलेलं नाही. तुझ्यावर भरवसा म्हणून देतोय."

"अरे, आवाज बंद ठेवूनच उतरवतो," श्याम म्हणाला.

आणि ठेवलाही होता हो! एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. स्पीकर बंद, हेडफोन टेबलावर. फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वरखाली होत होत्या. बोलण्याच्या पट्ट्या कशाही नाचतात, पण एका कॅसेटवर त्या ठेक्यात नाचायला लागल्या. ठक-ठक, उंच, खाली. ठक-ठक, उंच, खाली. ज्याला रेकॉर्डिंगची सवय आहे त्याला बघूनच कळतं, हे गाणं आहे. श्याम उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. आणि त्यानं हेडफोन कानाला लावला.

चाची भाकऱ्या थापता थापता गात होती. थापण्याचा ठेका, आणि त्यावर कोवळा, जरासा फाटका आवाज:

बोट गेली बंबईला, पाठ नाय वळली,
बोट गेली बंबईला, पाठ नाय वळली,
चुलीवरची भाकर माझी एका अंगानं जळली.

श्यामच्या अंगावर काटा आला. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीनं तिला उत्तर द्यायचं, हा तर ब्लूजचा साचाच! मिसिसिपीचं नावही न ऐकलेल्या बाईनं कोकणातल्या चुलीपुढे बसून तोच साचा पाडला होता. अशी सहा-सात कडवी झाली. मग गाणं थांबलं आणि ती लाजत हसली. म्हणाली, "ऐकलंत? तुमच्यासाठी रचलंय. कुणासमोर लावू नका, माझ्या गळ्याची शपथ हाय." त्यापुढे ती जे बोलली ते बायको नवऱ्याशीच बोलते. श्यामनं ते सगळं ऐकलं. हेडफोन काढावा असं त्याला वाटलं, पण काढला नाही.

त्यानं सीड्या करून दिल्या, डबा परत केला. पण चाल डोक्यात राहिली ती राहिलीच. महिन्याभरात त्यानं तिला इंग्रजी शब्द लावले. मुंबईच्या बोटीची झाली नदीवरची आगबोट, आणि तांदळाच्या भाकरीचा झाला मक्याचा पाव. कमालला त्यानं ड्रम्स बाजूला ठेवायला सांगितले आणि नुसत्या टाळ्यांचा ठेका धरायला लावला. कसला ठेका ते तुम्हाला कळलंच असेल.

वलीनं त्या गाण्यावर बाजा असा वाजवला की रेकॉर्डिंग संपल्यावर मिहीरनं ते लगेच पुन्हा लावायला लावलं. वलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"श्याम्या, कुणाचं रे हे गाणं?"

श्यामच्या जिभेवर खरं आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे हेडफोनचंही सांगायचं. "कुणाचंच नाही रे," तो म्हणाला. "ट्रॅडिशनल. मिसिसिपीकडचं जुनं."

असल्या रेकॉर्डींवर ती पद्धतच असते. रचणारा कोण ते ठाऊक नसलं की गाण्यापुढे ट्रॅडिशनल लिहितात आणि मोकळे होतात. सीडीच्या कव्हरवर तसंच छापलं. श्यामनं स्वतःची समजूतही घातली, की चाचीला नाव थोडंच हवंय, आपण तिची अब्रूच राखतोय. समजूत दिवसा पटायची. पण शुक्रवारी वलीच्या घरी ताटावर बसलं की घास गळ्याखाली उतरायचा नाही, आणि तय्यबा विचारायची, "भावजी, आज सालन बिघडलं का?"

पुढच्या थंडीत, सीडी बाहेर पडायच्या वेळी, नफिसाचाची व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आली. श्यामचा जीव तेव्हापासून टांगणीला. दोह्यातल्याच अल अझीझिया भागातल्या एका वसाहतीच्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. श्यामनं ते गाणं गाळायचा प्रयत्न केला, पण वलीच हटून बसला. "वेड लागलंय का तुला? माझं सगळ्यात भारी गाणं ते. अम्मी पहिल्यांदा मला ऐकणारय!"

चाची मागे बायकांत बसली होती. टाळ्यांचा ठेका सुरू झाला तेव्हा कौतुकानं हसत होती. वलीनं चाल उचलली आणि तिचं हसू गेलं. श्याम स्टेजवरून बघत होता. ती पुढे झुकली. तिचे ओठ हलायला लागले, वलीच्या बाजाबरोबर, एक-एक शब्द. मग ती उठली आणि तय्यबाचा हात झटकून बाहेर निघून गेली. श्यामनं उरलेलं गाणं कसं गायलं, त्याचं त्यालाच माहीत नाही.

दुसऱ्याच दिवशीचं शुक्रवारचं जेवण त्यानं निमित्त काढून टाळलं. पुढच्या शुक्रवारीही तो काहीतरी निमित्त काढणार होता. वलीचाच फोन आला, "ये लवकर." दार उघडलं तेव्हा वलीचा चेहरा उतरलेला.

"अम्मी माझ्याशी बोलत नाही रे. त्या कार्यक्रमापासून. पोरांशी बोलते, तय्यबाशी बोलते, मी खोलीत गेलो की तोंड फिरवते. परतीचं तिकीट काढ म्हणते. मी काय गुन्हा केला ते तरी विचार. तुझं ऐकेल ती."

आता काय म्हणावं या नशिबाला! ज्यानं आग लावली त्यालाच पाणी आणायला धाडलं होतं. तो आत गेला.

चाची पलंगावर बसून लसूण सोलत होती. "बस, बाला," ती म्हणाली. "तूच सांग त्याला. मना सांगवत नाय." तिनं आवाज खाली आणला. "माझ्या नवऱ्याला मी टेप केली होती. ती त्यानं ऐकली. आईबापाची गोष्ट पोटच्या पोरानं ऐकली, आणि चारचौघांत वाजवली. आता मी त्याच्याकडे बघू कशी? त्यानं अजून काय काय ऐकलं असेल, या विचारानं मना मरावंसं वाटतं."

श्यामला एक वाक्य पुरेसं होतं. बाहेर जाऊन वलीला सांगायचं, तिला घरची आठवण येतेय, जाऊ दे. ती विमानात बसली असती आणि खलास, गोष्ट तिच्यासोबत गेली असती. मालविकालाही कधी कळलं नसतं. फक्त ही बाई मरेपर्यंत निरपराध पोराचं तोंड बघायला लाजली असती. श्यामला स्वतःची शिसारी आली. वाक्य त्याच्या ओठावर तयार होतं, याचीच जास्त आली.

"चाची," तो म्हणाला, "वलीनं नाही ऐकलं. मी ऐकलं. त्यानं मला कॅसेटी ऐकायच्या नाहीत असं बजावून दिल्या होत्या. त्याला आजसुद्धा माहीत नाही ते गाणं कुणाचं आहे."

तिच्या हातातली पाकळी हातातच राहिली. "तू?"

"हो."

"नुसतं गाणं?"

हो म्हणायला किती सोपं होतं. "नाही चाची. सगळं."

इतकी वर्षं, तो रत्नागिरीला तिच्या घरी गेला तेव्हाही, त्याच्यासमोर ती उघड्या डोक्यानं वावरली होती, लेकासमोर वावरावं तशी. आता तिनं पदर ओढला. डोक्यावरून कपाळापर्यंत, कपाळावरून डोळ्यांपर्यंत. श्यामला वाटलं, त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारायला हवी होती.

मग तिनं हाक मारली, "वली!"

आठवड्यानं आईनं हाक मारली म्हणून वली धावतच आला. "सांग त्याला," ती पदराआडून म्हणाली. श्यामनं सांगितलं. पट्ट्यांचं सांगितलं, हेडफोनचं सांगितलं. वली भिंतीला टेकून उभा राहिला.

"मिसिसिपीकडचं म्हणाला होतास," वली म्हणाला.

"हो."

"मी विचारलं होतं तुला. रडत विचारलं होतं."

श्यामनं मान खाली घातली.

"त्या डब्यावर माझं नाव नाय ना टाकलंस?" चाचीनं विचारलं. सीडीच्या डबीला ती डबा म्हणायची.

"नाही चाची."

"मग कुणाचं म्हणून लिवलंस?"

उत्तर वलीनं दिलं.

"कुणाचंच नाही, अम्मी. कुणी रचलं ते माहीत नाही, असं लिहिलंय."

"माहीत नाय कसं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं नवल होतं. "मी बोललीय की टेपमधी. तुमच्यासाठी रचलंय म्हणून."

वली तिच्या पायाशी बसला आणि तिनं त्याचं डोकं छातीशी घेतलं. "मी उगाच तुझ्यावर रुसली रे," असं काहीसं ती पुटपुटत होती. श्याम हळूच दाराकडे वळला. तेवढ्यात बाहेरून तय्यबानं जेवायला हाक मारली.

"जेवणाच्या वेळी या घरातून कुणी उपाशी जात नाय," चाची म्हणाली. पदर तसाच होता.

श्याम जेवायला बसला. पाय निघून जा म्हणत होते, पण तिचा शब्द मोडायची त्याची आता लायकीच उरली नव्हती. तय्यबाला काही ठाऊक नव्हतं, ती नेहमीसारखी बडबडत होती. वलीनं स्वतः उठून वाढायला घेतलं. श्यामच्या ताटात गरम भाकरी ठेवली, सालन वाढलं, पाण्याचा ग्लास भरून जवळ सरकवला.

"घ्या ना, श्यामसाहेब," तो म्हणाला. "संकोच करू नका."