रोज दोन स्लाइस

डाग बघून माणूस ओळखायचा, हा माझा धंदा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. कपडा हातात आला की तो उलटा करायचा, खिसे चाचपायचे आणि पावतीवर लिहायचं: कॉलरला तेल, बाहीला शाई, मांडीवर काहीतरी, विचारू नये असं. अकरा वर्षं हेच करतेय. लोकांच्या घामाची मला किळस येत नाही. मला किळस येते ती लोकांची, आणि लेक आजारी पडल्यापासून ती फारच वाढली आहे.

लेक साडेचार वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती तेवढीच राहिली. दोन वर्षांच्या पोरीचे फ्रॉक तिला होतात, पोट मात्र फुगून टम्म. दोन वर्षं तिला जुलाब. लाजबीज केव्हाच गुंडाळून ठेवलीय, म्हणून स्पष्टच सांगते: फिकट, फेसाळ, तेलकट शी, भांड्याला चिकटून बसणारी, आणि वास असा की खिडकी उघडली तर शेजारची बंद व्हायची. एका डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. रंग, वास, तरंगली की बुडाली. बाकीच्या आया पोरांचे पहिले शब्द लिहून ठेवतात. मी हे लिहीत बसले.

पहिले डॉक्टर म्हणाले, जंत. दुसरे म्हणाले, दूध बंद करा. तिसऱ्यांनी मुंगीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "आई जरा जास्तच काळजी करते का?" त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाचे वाळलेले गोल डाग होते, किमान आठवड्याचे. ज्याला स्वतःचं टेबल पुसता येत नाही तो माझं डोकं तपासणार! चौथ्यांनी रक्त तपासलं आणि ग्लूटेन हा शब्द आमच्या घरात शिरला. गव्हात एक चिकट भाग असतो, तो काही मुलांच्या आतड्यांना सोसत नाही. मुंगीला सोसतो की नाही? रिपोर्ट धड इकडचा ना धड तिकडचा. "सीमेवर आहे," ते म्हणाले. "गहू बंद करून बघा."

आम्ही बंद केला. मी दुकानात उभ्या उभ्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला शिकले. गहू कुठे कुठे लपून बसतो ते पाहून हात टेकले. सूपच्या पाकिटात, चॉकलेटमध्ये, खोकल्याच्या गोळीतसुद्धा. तांदळाच्या पिठाचा ब्रेड आणला. तो चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखा, पण मुंगीने तो गोड मानून घेतला. आणि मुंगीला मी घोकवलं, "कुणी काही दिलं की आधी विचारायचं, यात गहू आहे का. गव्हाने पोट दुखतं." ती बाळवाडीत वाढदिवसाचा केक नाकारून यायची आणि मला अभिमानाने सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "कसलं हे नवीन खूळ! पोरीला बिचारीला उपाशी मारतेय." आणि माझी पाठ वळली की बिस्किटाचा डबा वाजायचा.

तरी सहा महिन्यांत पोरीचं वजन वाढलं. शी घट्ट झाली. मी वहीत आनंदाने लिहिलं, बुडाली.

मग आम्हाला शहाणपण सुचलं, की एकदा पक्कं करून घ्यावं. पोटाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद चाळले आणि चष्मा काढला.

"गहू आधीच बंद कुणी करायला लावला?"

मी चौथ्या डॉक्टरांच्या कागदावर बोट ठेवलं.

"आता तपासून काय दिसणार? गहू पोटात असेल तरच रक्तात खूण दिसते. हे बघा, हा आजार असेल तर आयुष्यभर कणभरही चालणार नाही, आणि हाडं, वाढ, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागेल. नसेल तर दुसरं काहीतरी आहे, आणि ते आपण शोधतच नाही आहोत. अंदाजावर मूल वाढवायचं नसतं."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"आठ आठवडे रोज दोन स्लाइस साधा ब्रेड. एक सकाळी, एक संध्याकाळी. मग रक्त, आणि गरज पडली तर दुर्बीण. तिला त्रास होईल. फारच झाला तर फोन करा, पण मधेच थांबवू नका."

म्हणजे ज्याने पोर आजारी पडते असं वाटतं, तेच तिला हाताने भरवायचं, ती आजारी पडते का ते बघायला. पण बाईंचं टेबल स्वच्छ होतं, आणि त्या बोलत होत्या ते खरं होतं.

घरी फ्रिजवर तक्ता लावला. सकाळचा रकाना माझा, लाल पेनाचा. संध्याकाळचा नवऱ्याचा, निळ्याचा. कारण मला दुकानातून यायला आठ वाजतात आणि तो लिफ्ट दुरुस्तीची कामं आटपून पाचला बाळवाडीतून तिला घेऊन येतो. नवरा कामाला चोख माणूस. एक स्क्रू उरला तर पूर्ण लिफ्ट पुन्हा खोलेल. त्याच्या निळ्या खुणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला.

पहिल्या सकाळी मुंगीने स्लाइस हातात घेतली आणि विचारलं, "यात गहू आहे?"

"आहे."

"मग माझं पोट दुखेल. तूच म्हणाली होतीस."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. थोडे दिवस."

तिने खाल्ली. माझ्यावर विश्वास ठेवून खाल्ली, हे सर्वांत वाईट. चौथ्या दिवसापासून पुन्हा तो वास. दुसऱ्या आठवड्यात ती बाळवाडीत जायला नको म्हणू लागली, कारण तिथे चड्डी खराब झाली आणि एका पोराने नाक धरून तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. मी घरी चड्डी धुतली, हात धुतले, पुन्हा धुतले. सकाळी ती स्लाइसचा घास गालात धरून बसायची. गाल फुगलेला, डोळे माझ्यावर. "गिळ," मी म्हणायचे. लगदा ओठातून बाहेर यायचा आणि मी तो बोटाने पुन्हा आत ढकलायचे. आपल्या लेकराच्या तोंडात आपलंच बोट, आणि ते ओकारी काढतंय. असली आई मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिली असती तर तिच्या तोंडावर थुंकले असते.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मी टोस्टरमध्ये तांदळाचा ब्रेड घातला. भाजून वर लोणी फासलं की दिसायला सारखाच दिसतो. मुंगीने पहिल्याच घासाला ओळखलं. मी ओठांवर बोट ठेवलं. "बाबाला सांगायचं नाही हं." तिने मान डोलावली आणि सबंध स्लाइस संपवली. मी फ्रिजपाशी गेले आणि लाल खूण केली. मनाला समजावलं, संध्याकाळची तर तो देतोच आहे. एक काय अन् दोन काय, रक्तात दिसायचं ते दिसेलच.

चौथ्या आठवड्यात जुलाब थांबले. मुंगी उड्या मारायला लागली. आणि इथे माझी मती फिरली, कारण मी आशा करायला लागले. रोज एक स्लाइस पोटात जातेय आणि पोर ठणठणीत आहे, म्हणजे गव्हाचा दोष नसणारच! सासूबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. "बघ, खातेय ना गहू? काही झालं का? मी सांगत होते." जिन्यात भेटेल त्याला त्या थांबवून सांगायच्या. मी मूग गिळून ऐकून घ्यायचे.

रिपोर्ट आला तो स्वच्छ. सीमेवर नाही, सीमेच्या खूप अलीकडे. डॉक्टरीणबाईंनी तक्ता हातात घेऊन एकेक रकाना पाहिला. "सगळे दिवस दिलेत? दोन्ही वेळा?"

"हो," नवरा म्हणाला.

"हो," मी म्हणाले. इतकं सफाईने की मलाच नवल वाटलं.

"मग गव्हाचा संबंध दिसत नाही. खाऊ दे सगळं. आपण दुसरीकडे शोधू."

संध्याकाळी सासूबाई क्रीमचा केक घेऊन आल्या. मुंगीने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि तिने नाकापर्यंत क्रीम माखून दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बाळवाडीतून नवऱ्याला फोन आला. उचलून आणताना मुंगी त्याच्या जाकिटावर भडाभडा ओकली. सासूबाई म्हणाल्या, "क्रीम बाधलं असेल." असेलही. आमच्या घरात कुठल्याच गोष्टीचं खरं काय ते कळायची सोय उरली नव्हती.

जाकीट मी दुकानात नेलं. सवयीने उलटं केलं, खिसे चाचपले. आतल्या खिशात रुमाल होता, गच्च गाठ मारलेला. गाठ सोडली आणि आंबट वास आला. आत ब्रेडचे चावलेले लगदे होते. काही दगडासारखे वाळलेले, काहींवर हिरवी बुरशी, एका लगद्यावर बारीक दातांची रांग स्पष्ट उमटलेली. हे दात मी रोज घासते. अकरा वर्षांत लोकांच्या खिशांतून काय काय काढलं असेल, पण त्या दिवशी मी मागच्या मोरीपाशी जाऊन ओकले.

घरी आले आणि रुमाल नवऱ्यासमोर टेबलावर टाकला.

"किती दिवस?"

"दुसऱ्या आठवड्यापासून," तो खाली बघत म्हणाला. "ती गालात धरून बसायची गं. नुसती बघत राहायची. मी रुमाल पुढे केला. एकदा केला, मग रोजच. रोजचे कचऱ्यात टाकायचो, हे शेवटचे राहून गेले. मला वाटलं, सकाळची तू देतेस ना. तू कसली सोडतेयस!"

मी खुर्चीत बसले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"तू पण?"

"तांदळाचा. भाजून."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता आत गेल्या. आमच्या हातात स्वच्छ रिपोर्ट होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खोटा होता. पोरीचे दोन आठवडे हाल केले, ते फुकट. आणि सहा आठवडे लाडांच्या नावाखाली फसवणूक केली, तीही तिचीच.

मुंगी जमिनीवर ठोकळे रचत होती. मी तिला मांडीवर घेतलं. "मुंगे, बाबा संध्याकाळी काय करायचे ब्रेडचं?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या आडून म्हणाली, "ते आईला सांगायचं नसतं." मग माझ्या कानाशी येऊन, मला बरं वाटावं म्हणून, "तुझंही मी बाबाला नाही सांगितलं."

साडेचार वर्षांची पोर. सहा आठवडे दोन घोडचुका एकटीने पोटात ठेवल्या तिने, आणि आम्ही दोघं रकाने रंगवत बसलो.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं, रुमालासकट. मला वाटलं, आता चांगली हजामत होणार. पण त्या थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. दोघांनी समोरासमोर बसून द्या. तिला काय होतंय ते खरं लिहा." त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी नवा तक्ता लावला. नवऱ्याने कामाची वेळ बदलून घेतली, मी मालकांच्या हातापाया पडून संध्याकाळचे दोन तास सोडवून घेतले. टेबलाशी मुंगी मधे, आम्ही दोन बाजूंना. साधा ब्रेड, लोणी नाही, भाजणं नाही. मी तिला सांगितलं, "यात गहू आहे. पोट दुखेल. आमचं चुकलं म्हणून पुन्हा खायचंय. यातलं काहीही कुणालाही सांगितलंस तरी चालेल."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिने घास घेतला, गालात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. मग तिने बाबाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पुन्हा माझ्याकडे. किती तरी वेळ ती आमच्यातलं कोण आधी फुटतंय याची वाट बघत होती. मग तिला कळलं की आज कुणीही सोडवायला येणार नाही. तिने डोळे मिटले, गिळलं, आणि मला दाखवायला तोंड उघडलं.

"शाब्बास," मी म्हणाले, आणि माझ्याच आवाजाची मला शिसारी आली.