आकाशी रंगाची चूक

घरात तिला तंद्री म्हणत. भाजी चिरता चिरता ती खिडकीबाहेर कुठेतरी निघून जायची आणि आई विचारायची, "आलीस का परत?" रंगाच्या कारखान्यात मात्र हीच तंद्री तिला पगार मिळवून देत होती. गिऱ्हाईक आणेल त्या चिंधीशी, भिंतीच्या टवक्याशी हुबेहूब जुळणारी छटा तयार करायची, हे तिचं काम. पिवळ्यात काळ्याचा थेंब पडला की डब्यात हळूच धुकं उतरायचं आणि ती त्या धुक्यात चालू लागायची.

आता तिला एमबीएला जायचं होतं. लेखी परीक्षा ती पास झाली होती, उरली होती मुलाखत. अर्ज लिहून दिला होता भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. भावोजी सल्ला फुकट देत आणि वसुली कौतुकाच्या रूपात करून घेत. त्यांच्या मते कॉलेजवाल्यांना अनुभवाची वर्षं नको असतात, वजन हवं असतं. म्हणून रंग ढवळणाऱ्या बायकांशी मारलेल्या गप्पांचं 'पथकाचं नेतृत्व' झालं, आणि बंद पडलेला पंखा दुरुस्त करून घेतला त्याची 'कार्यक्षमतेत वाढ'. शाळेच्या रंगाची गोष्ट तेवढी त्यांनी खोडली. स्वतःची चूक कोणी गळ्यात अडकवून फिरतं का, असं त्यांचं म्हणणं.

मुलाखतीच्या खोलीत दुपार साचून राहिली होती. चष्मा कपाळावर चढवलेल्या मॅडमनी अर्जावर बोट ठेवलं आणि पथकाने ऐकलं नाही तेव्हा काय केलंत, असं विचारलं. भावोजींनी घोटून घेतलेलं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरघळलं. जे पथक नव्हतंच, ते ऐकणार काय नि न ऐकणार काय? शेजारच्या सरांनी पेनाला टोपण लावलं. जागा हातची चालली होती. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे एक लांबलचक जांभळा व्हरांडा तरंगत आला, आणि ती त्याच्याबद्दलच बोलू लागली.

शाळेला आकाशी हवा होता. घाई होती, म्हणून तिने छटा संध्याकाळी दिव्याखाली जुळवली आणि पासचा शिक्का मारला. व्हरांडा रंगवून झाला आणि सकाळच्या उन्हात जांभळा निघाला. मुख्याध्यापिका समुद्राच्या तळाशी उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. ती स्वतः गेली, माफी मागितली, सगळं पुन्हा रंगवून दिलं. मग तिने ठरवलं, संध्याकाळी जुळवलेली छटा सकाळी खिडकीपाशी पाहिल्याशिवाय पास करायची नाही. फोरमनकाका हसले होते. ठरवणारी तू कोण, म्हणाले होते.

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मी शिक्काच घरी न्यायला लागले. जेवणाच्या डब्यात. म्हणजे संध्याकाळी कोणाला मारताच येऊ नये."

"परवानगी कोणाची घेतलीत?"

"कोणाचीच नाही. माल सकाळपर्यंत अडकायचा, ट्रकवाल्यांनी शिव्या घातल्या. पण परत येणारा माल कमी झाला, मग तेही गप्प झाले."

सरांनी टोपण काढलं. "आज तुम्ही इथे आहात. मग शिक्का?"

"फोरमनकाकांकडे. हल्ली तेच नेतात, स्वतःच्या डब्यात."

खोलीतला उजेड किंचित हलल्यासारखा तिला वाटला.

"हे अर्जात का नाही?" मॅडम म्हणाल्या.

"भावोजी म्हणाले, चूक लिहायची नसते."

"भावोजींनी एमबीए कुठून केलं?"

"त्यांना प्रवेश मिळाला नाही."

तिला मिळाला. घरी अभिनंदन भावोजींनीच दोन्ही हातांनी स्वीकारलं, आणि आईनेही पेढा आधी त्यांनाच भरवला. तंद्री खिडकीशी बसून मावळतीचे रंग बघत होती. कोणता सकाळपर्यंत टिकेल, याचा अंदाज घेत. भावोजी खुर्ची ओढून शेजारी बसले. आता शिष्यवृत्तीचा अर्ज, म्हणाले, तो तर मी असा लिहितो की बघच.

ती परत आली. या वेळी कोणी हाक न मारता.

"भावोजी, तो मी लिहिते," ती म्हणाली. "आणि सुरुवात चुकीपासूनच करते."