रंगरावांनी दिलेले तीन हात

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आक्काने पहिलं काम काय केलं असेल, तर मोटरसायकल घेतली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला हे मुळीच पसंत नव्हतं. हातात ब्रश आला की दिसेल ते रंगवत सुटणारा माणूस, म्हणून त्यांना सगळे रंगराव म्हणत. फाटक, बादली, स्टूल, काही सुटलं नव्हतं.

"या वयात डोंगर ओलांडून मैत्रिणीकडे जाणार? हातपाय मोडून घ्यायचेत का?" ते रोज विचारायचे.

"मोडले तर प्लास्टर कसं घालतात ते ठाऊक आहे मला."

निघायच्या आदल्या दिवशी आक्का बाजारातून परतली ती धुसफुसतच. एवढ्याशा फेरीत इंजिन तापलं होतं, तापमानाचा काटा पार वर गेला होता. रंगरावांना आनंद लपवता येईना.

"बघ! तुझ्यापेक्षा गाडीला अक्कल जास्त. तीच नको म्हणतेय."

आक्काने गाडी निवू दिली. मग तेलाची पातळी पाहिली, ती बरोबर होती. खाली कुठे थेंब नव्हता. तिने गाडी सुरू केली आणि पुढच्या चाकामागे तेल गार करणारी जाळी असते, त्या कूलरला बोट लावलं. थंडगार!

"मेलाय तो," रंगराव म्हणाले.

"थांब रे. तेल तापेपर्यंत त्याची कूलरकडे जायची वाट बंदच असते."

ती पेशंटची नाडी बघावी तशी कूलरच्या नळीवर बोटं टेकून बसली. थोड्या वेळाने तिचा चेहरा खुलला. "आली नाडी!" तेल फिरत होतं. पण आत जाणारी नळी जेवढी गरम, तेवढीच बाहेर येणारीही. म्हणजे तेल कूलरमधून जसंच्या तसं परत येत होतं.

इंजिन बंद करून तिने जाळीमागे टॉर्च धरला. पात्यांच्या फटींतून उजेड दिसायला हवा होता. एक ठिपकाही दिसेना. वारा तरी कुठून जाणार? तिने नखाने खरवडलं. काळा, चकचकीत पोपडा निघाला.

आक्का सावकाश वळली. रंगराव शेजारच्या गच्चीवरचे कपडे मोजत असल्यासारखे वर बघत होते.

"हे काय आहे?"

"अगं, गंजल्यासारखं दिसत होतं. तू एवढ्या लांब जाणार, तुझी मैत्रीण गाडी बघणार. म्हटलं, जरा बरी दिसावी. दोन हात दिले."

"दोन?"

"...तीन."

आक्काने रागवायला तोंड उघडलं आणि तिला हसूच फुटलं. जाऊ नकोस म्हणून रोज डोकं खाणारा हा माणूस चोरून तिची गाडी सजवत होता!

"थिनर आण," ती म्हणाली. "आणि दात कोरायच्या काड्या. पाती वाकवायची नाहीत, नाजूक असतात."

रंगराव मांडी ठोकून बसले. उन्हं कलेपर्यंत फटीफटीतून रंग काढत राहिले. शेवटी टॉर्चचा उजेड आरपार दिसला तेव्हा त्यांची बोटं काळी झाली होती आणि पाठ धनुष्यासारखी.

जाळी सुकल्यावर आक्का म्हणाली, "आता चढावर बघू. वजन हवं. बस मागे."

"मी?"

"मग काय, स्टूल बसवू?"

रंगरावांनी डोळे मिटून तिचे खांदे गच्च धरले. गावाबाहेरचा चढ लागला. काटा वर सरकला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. माथ्यावर पोचल्यावर आक्काने त्यांना नळ्या दाखवल्या.

"हळू. नुसतं टेकवून घे बोट."

"हाय! ही चटका देते." त्यांनी दुसरीला बोट लावलं. "ही मात्र कमी! आक्का, चाललं की गं!"

वारा सुटला होता. खाली घरांचे दिवे लागत होते. आक्का गाडी वळवू लागली, तसे रंगराव घाईने म्हणाले, "अगं, एकदा चाललं म्हणजे भागलं असं नसतं. आणखी जरा पुढे जाऊन बघूया. नीट खात्री करून घेतलेली बरी."

या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.